दिवसाचे ३० रुपये

जून १९९७ मध्ये मी कराडहून नोकरीसाठी मुंबईला आले आणि दादर पश्चिमेला एका वयस्कर बाईंच्या घरी पेइंग गेस्ट म्हणून राहू लागले. मी त्यांना आजी म्हणत असे. आजींनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगून टाकल्या होत्या: सकाळचा चहा त्या देतील, आणि ओट्याला मी हात लावायचा नाही. गिरगावात ठाकुरद्वारजवळच्या एका छापखान्यात मी मुद्रितशोधक म्हणून काम करत होते. पगारातून खोलीचे भाडे, रेल्वेचा पास, घरी पाठवायचे पैसे आणि साबण-तेलाचा किरकोळ खर्च वजा केला की जेवणाखाण्यासाठी महिन्याला ९०० रुपये उरत, म्हणजे दिवसाला ३०. या ३० रुपयांत नाश्ता, दोन वेळचे जेवण आणि दुपारचा चहा बसवायचा होता, आणि तोही सगळा बाहेर.

आमच्या घरी बाहेर खाणे हा प्रकार फारसा नव्हताच. एसटीच्या प्रवासात गाडी थांबली तरी आई शिदोरीचे फडके सोडायची, आणि हॉटेलात जाऊन बसणे म्हणजे पैसे आणि पोट दोन्ही बिघडवणे, अशी तिची ठाम समजूत होती. त्यामुळे मुंबईत आल्यावर बाहेर खायचे कसे हे मला कोणी शिकवलेले नव्हते. जे समोर दिसेल, लवकर मिळेल आणि स्वस्त असेल ते मी घेत गेले, आणि दादरला या तिन्ही अटींत बसणारी वस्तू म्हणजे वडापाव. ज्या दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी १९६६ मध्ये वडापावची गाडी लावली, त्याच स्थानकावरून माझे रोजचे जाणे-येणे होते. वडापावबद्दल मला आजही आदर आहे. पाळीला किंवा ऑफिसला धावणाऱ्या माणसाला उभ्याउभ्या, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात काहीतरी गरम मिळावे म्हणून तो जन्माला आला आणि ते काम तो चोख बजावतो. पण मी त्याला जेवणाच्या जागी बसवले. मैदा, बेसन, बटाटा आणि तेल यांच्यावर दोन्ही वेळा काढल्या की रात्री पोट जड वाटते आणि तरीही भूक राहिलेली असते, हे मला तीन आठवड्यांत समजले. तोवर जुलै उजाडला होता. एका संध्याकाळी कुठल्याशा गाडीवरची ओली चटणी मी चवीने मागून घेतली, आणि पुढचे चार दिवस अंथरुणावर काढले.

त्या चार दिवसांत आजींनी आपली अट मोडली. त्यांनी मला मऊ भात करून घातला, वर मेतकूट आणि चमचाभर तूप. मी बरी झाल्यावर त्यांनी मला समोर बसवून विचारले की मी खाते तरी काय, आणि मी सांगितलेले ऐकून त्या म्हणाल्या, "अगं, मुंबईत चूल नसलेली तू काही पहिली नाहीस. परळला आमच्या सासूबाई चाळीतल्या आठ जणांना जेवायला घालायच्या. गिरणीतली सगळी माणसं बिनचुलीचीच होती. ती कुठं जेवायची ते आधी शोध."

मुंबईत कमी पैशांत नीट जेवण्याविषयी मला जे काही कळले आहे, ते या एका वाक्यातून उलगडत गेले. या शहरात दीडशे वर्षे माणसे एकटी येत राहिली. कोकणातून आणि घाटावरून गिरण्यांसाठी, दक्षिण कर्नाटकातून आणि तमिळ मुलखातून कारकुनीसाठी, इराणातल्या यझ्द आणि केरमान भागांतून पोटासाठी. त्यांच्याकडे घर नव्हते, बायकामुले गावी होती आणि पगार तुटपुंजा होता. या माणसांना रोज जेवू घालण्यासाठी ज्या जागा उभ्या राहिल्या, त्यांची सगळी रचनाच थोड्या पैशांत रोज खाणाऱ्या माणसाच्या हिशेबाने झालेली आहे. तिथले अन्न स्वस्त आहे ते हलके आहे म्हणून स्वस्त नाही. रोज येणाऱ्याला हलके अन्न घालून चालत नाही, कारण तो उद्याही यायला हवा असतो. प्रवाशाला, हौशी गिऱ्हाइकाला एकदा फसवून धंदा होतो. खाणावळीत आठवड्यातून सहा दिवस बसणाऱ्या माणसाला फसवता येत नाही.

गिरणगावातली खाणावळ हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. एका खोलीत, पाळीपाळीने झोपणारे दहा-पंधरा कामगार राहत, आणि त्याच चाळीतली एखादी बाई, पुष्कळदा विधवा किंवा जिचा नवरा आजारी अशी, महिन्याच्या पैशांवर त्यांना जेवायला घालत असे. कामगार पैसे देणार पगार झाल्यावर. वाण्याला मात्र उधारीवर व्याज चढत जाणार. या बायका पहाटेपासून रात्रीपर्यंत चुलीपुढे राबून सावकाराच्या आणि वाण्याच्या कर्जातून वर येत नसत. त्यांना एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले आणि राष्ट्रीयीकृत बँकांकडून त्यांना कर्जे मिळवून दिली. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा कामगाराच्या पगाराबरोबर खाणावळवालीचेही महिन्याचे पैसे थांबले. गिरणी संपाचा इतिहास सांगताना हा भाग सहसा ओझरता येतो आणि मला त्याचे वाईट वाटते, कारण शहर ज्यांच्या हातचे जेवले, त्या बायकांचे नावही त्या जेवणाऱ्यांना पुष्कळदा ठाऊक नसे. त्या सगळ्यांच्या मावशी किंवा काकू असत.

मी मुंबईत आले तेव्हा गिरणगाव ओसरले होते, पण गिरगावच्या वाड्यांमध्ये काही घरगुती खाणावळी टिकून होत्या. छापखान्यातल्या जुन्या कंपोझिटरनी मला त्यांतल्या एकीचा पत्ता दिला. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत चार बाके, आणि आत एक कोकणी जोडपे. महिन्याचे ४०० रुपये आगाऊ द्यायचे आणि रविवार सोडून दुपारी जेवायचे. तीन पोळ्या, एक पालेभाजी किंवा फळभाजी, एक उसळ, आमटी, भात, ताक. दुसरे काही मागायची सोय नव्हती. सोमवारी मटकी, मंगळवारी वांगे, बुधवारी चवळी, असा क्रम ठरलेला असे, आणि आदल्या दिवशी सांगितले तर खाडा धरला जाई, म्हणजे त्या दिवसाचे पैसे पुढच्या महिन्यात वळते होत.

पदार्थ निवडायला मिळत नाही याचे मला आधी वाईट वाटले होते, पण नंतर त्यातला हिशेब मला कळला, आणि तो कळला म्हणून पुढची कितीतरी वर्षे निभावली. आज किती पाने उठणार हे खाणावळीला सकाळीच माहीत असते. त्यामुळे तेवढीच भाजी येते, तेवढीच शिजते आणि संध्याकाळी काही उरत नाही. उरत नाही म्हणून शिळे वाढले जात नाही, आणि टाकून दिलेल्या अन्नाची किंमत माझ्या ताटावर चढत नाही. उलट शंभर पदार्थांचे कार्ड ज्या हॉटेलात असते, तिथे त्या शंभर पदार्थांचे सामान कुठेतरी भरून ठेवलेले असते, आणि त्याचा खर्च जेवणाऱ्याच्याच बिलातून निघतो. तेव्हापासून नव्या जागी गेले की मी पहिल्यांदा पदार्थ मोजते. जितके कमी, तितका माझा विश्वास जास्त. आणि दुसरे म्हणजे एकटी बसलेली, वर्तमानपत्र वाचत मुकाट्याने जेवणारी माणसे किती आहेत ते पाहते.

दुपारचे असे मार्गी लागल्यावर नाश्ता, रात्र आणि रविवार यांच्यासाठी माझ्याकडे महिन्याचे ५०० रुपये उरत. रात्रीसाठी मी उडप्याकडे वळले. मुंबईच्या मराठी बोलीत 'उडपी' हा शब्द हॉटेलासाठीच रूढ झाला आहे, मालक त्या गावचा असो वा नसो. उडप्याचे बळ त्याच्या पिठात आहे. तांदूळ आणि उडीद भिजवून, वाटून, रात्रभर आंबवलेल्या पिठातून इडली, डोसा, उत्तप्पा असे सगळे निघते. एका मोठ्या पातेल्यातले सांबार सगळ्यांबरोबर जाते. सामान थोडे, पदार्थ पुष्कळ, आणि प्रत्येक पदार्थ मागितल्यावर दहा मिनिटांच्या आत पुढ्यात. जुलैतल्या आजारपणानंतर मी पावसाळ्यापुरता एक नियम करून घेतला: वाफेतून किंवा तव्यावरून थेट आलेले खायचे, आणि चटणीऐवजी उकळते सांबार परत मागायचे. सांबार मागायला मला सुरुवातीला संकोच वाटे. एकदा वाढपी स्वतःच भांडे घेऊन आला आणि न विचारता वाटी भरून गेला, त्यानंतर तो संकोच गेला. दोन इडल्या आणि तीन वाट्या सांबार हे डाळीचे, भाज्यांचे, पूर्ण जेवण आहे, आणि माझ्या कितीतरी रात्री त्याने सुखाच्या केल्या.

रविवारी खाणावळ बंद असे. महिन्यातून एखाद्या रविवारी मी दादरहून चालत माटुंग्याला जाई. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंगा हा भाग आखून वसवला, आणि तिथे दक्षिणेकडून आलेली नोकरदार कुटुंबे आणि एकटी माणसे मोठ्या संख्येने राहू लागली. त्यांच्यासाठी निघालेल्या जागा अजून चालू आहेत. किंग्ज सर्कलचे कॅफे मद्रास १९४० चे, आणि माटुंगा स्थानकाजवळचे रामा नायक यांचे उडिपी श्री कृष्ण बोर्डिंग १९४२ चे. 'बोर्डिंग' या शब्दातच ते कोणासाठी काढले होते हे सांगून ठेवलेले आहे. तिथे केळीच्या पानावर जेवण वाढतात, आणि पोट भरेपर्यंत वाढतात. रविवारी रांग लागते. रांगेत उभे राहणाऱ्यांत मोटारीतून आलेली कुटुंबे असतात आणि माझ्यासारखे महिन्यातून एकदा येणारेही असतात, आणि आत गेल्यावर सगळ्यांना पान सारखेच. मी सकाळी फक्त चहा घेऊन जात असे, साडेअकराला पोहोचत असे आणि सावकाश जेवत असे. मग रात्री आरेच्या केंद्रावरचे एक बाटलीभर दूध आणि दोन केळी एवढ्यावर भागे. त्या दिवसाचा खर्च ३० रुपयांच्या वर जाई, पण आठवड्यातून एक-दोन रुपये बाजूला ठेवत गेले तर तो भरून निघे.

इथे मला हे सांगायला हवे की एकट्या बाईला हे सगळे पुरुषाइतके सोपे नव्हते. अनेक हॉटेलांत तेव्हा 'फॅमिली रूम' नावाची, पडदा किंवा लाकडी आडोसा घातलेली जागा असे, आणि बाई दारात दिसली की तिला तिकडे पाठवत. तिथे वारा नसे, उजेड कमी असे आणि वाढपी उशिरा फिरके. एका हॉटेलात मी दुपारी एक वाजता बाहेरच्या टेबलाशी बसले, तेव्हा गल्ल्यावरच्या गृहस्थांनी मोठ्याने विचारले, "मागून कोणी येणार आहे का?" मी नाही म्हटल्यावर त्यांनी सांगितले की गर्दीची वेळ आहे, एकट्या बाईंना टेबल देता येणार नाही. माझ्या पर्समध्ये पैसे होते, भूक होती, आणि शेजारच्याच टेबलाशी एक पुरुष एकटा बसून जेवत होता. मी काही न बोलता बाहेर पडले, आणि न बोलल्याचे मला आजही वाईट वाटते. याच्या उलट, ज्या जागा खरोखर रोजच्या जेवणाऱ्यांच्या होत्या, तिथे माझ्याकडे दुसऱ्यांदा कोणी पाहिलेही नाही. चौघांच्या टेबलाशी तीन अनोळखी पुरुष आणि मी, प्रत्येकाचे ताट वेगळे, मिठाची बाटली एक. 'शेअरिंग' हा मुंबईच्या हॉटेलांचा फार मोठा गुण आहे. एकट्या माणसासाठी पूर्ण टेबल अडवायचे नाही, म्हणून एकट्या माणसाला परवडते. आणि हातातले ताट सरकवून आपल्याला जागा करून देणाऱ्या त्या अनोळखी माणसांमुळे मला या शहरात कधी उपरे वाटले नाही.

बसायला जागा हवी असेल तेव्हा मात्र मी इराण्याकडे, म्हणजे इराणातून आलेल्यांनी काढलेल्या चहा-पावाच्या हॉटेलात, जात असे. कधी कधी छापखान्यात वीज जाई आणि मुद्रिते तपासायची तर राहिलेली असत. मग मी ती कागदांची चळत घेऊन चालत धोबीतलावला जाई, जिथे १९०४ पासूनचे कयानी आहे. ब्रून मस्का आणि चहा मागवायचा. बाहेरून कडक, आतून मऊ ब्रून पाव, त्याचे काप करून आत सढळ हाताने लावलेला मस्का, आणि तो चहात बुडवून खायचा. तासभर कोणी उठवत नसे. उंच छत, लाकडी खुर्च्या, समोर फुटभर उंचीच्या बरण्यांमध्ये बिस्किटे, आणि दुपारी तीननंतरची शांतता. ग्रँट रोडच्या १९१४ च्या मेरवानचा मावा केक मी फक्त वाढदिवसाला घेतला, तोही सकाळी लवकर जाऊन, कारण तो लवकर संपत असे. पोट भरणे हा इराण्याकडे जाण्याचा माझा हेतू नव्हता. ज्याच्या खोलीत दिवसा बसता येत नाही, अशा माणसाला तासाभराचे छत थोड्या पैशांत देणारी ती जागा होती, आणि तिची किंमत मी चहाच्या किमतीत कधीच मोजली नाही. आता इराणी हॉटेले फार थोडी उरली आहेत. पूर्वी जिथे बसले होते, तिथे औषधांचे दुकान किंवा बँकेचे एटीएम पाहून मी आजही क्षणभर थांबते.

दादरची मराठी उपाहारगृहे माझ्या अगदी दारात होती. १९१० पासूनचे मामा काणे, पुढे गोखले रस्त्यावर प्रकाश, शिवसेना भवनासमोर १९८६ चे आस्वाद. आस्वादच्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनच्या एका स्पर्धेत जगातला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ म्हणून गौरवले गेले, तेव्हा मी ती बातमी दोनदा वाचली. ज्या काळात त्या मिसळीने माझे दुपारचे जेवण भरून काढले होते तो काळ आठवला. एक गोष्ट मी इथे शिकले ती अशी की प्रत्येक जागेचा एक पदार्थ असतो आणि बजेट घट्ट असेल तर तेवढाच मागावा. साबुदाणा वड्याच्या जागी साबुदाणा वडा, थालीपिठाच्या जागी थालीपीठ आणि लोणी. बरोबर आणखी काही घेण्याचा मोह झाला की निम्मे पैसे त्या 'आणखी काही'मध्ये जातात, आणि घरी येताना लक्षात राहतो तो पहिलाच पदार्थ.

आणि मासे. मी घाटावरची, माशांची मला ओळख नव्हती. छापखान्यातल्या मालवणी बायकांनी ती करून दिली. पगाराच्या दिवशी आम्ही चौघी-पाचजणी मिळून जेवायला जात असू. तेव्हा खोताच्या वाडीत अनंताश्रम चालू होता. आज तो बंद झाला आहे आणि गिरगावच्या कुठल्याही जुन्या माणसाशी बोलताना त्याचे नाव निघतेच. माझ्या मैत्रिणींनी मला पहिला धडा दिला तो हा, की ताटाची किंमत मासा ठरवतो. सुरमई आणि पापलेट यांना हॉटेलात मान आहे म्हणून त्यांना भाव आहे. बांगडा, मांदेली, बोंबील आणि तिसऱ्या हे कोकणातल्या घरात रोज शिजणारे, चवीला कणभरही कमी नसलेले, आणि निम्म्या पैशांत येणारे. बांगड्याला काटे मोठे आणि मोजके असल्याने नवशिक्यालाही तो जमतो. दुसरा धडा हंगामाचा. पावसाळ्यात, सध्याच्या नियमाप्रमाणे १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. त्या दिवसांत ताजा मासा म्हणून जे समोर येते ते बर्फातले आणि महाग असते. तेव्हा सुकटीची चटणी, सुके बोंबील घातलेले वांगे-बटाटे आणि सोलकढी यांच्यावर खूष राहावे, आणि नारळी पौर्णिमा होऊन नवा मासा बाजारात उतरला की बांगड्याला जावे. आपल्या खिशाला जे परवडते तेच त्या महिन्यात सर्वांत ताजे असते, हे मला माशांनी शिकवले, आणि पुढे भाज्यांच्या बाबतीतही ते खरे निघाले.

तेव्हा एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रेही शहरात होती. १९९५ मध्ये राज्य सरकारने ती योजना सुरू केली होती. महिनाअखेरीला मी तिथे कधी कधी गेले. भाकरी गरम असली की जेवण उत्तम होई. पुढे ती केंद्रे बंद पडत गेली. २६ जानेवारी २०२० पासून १० रुपयांची शिवभोजन थाळी आली: दोन पोळ्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण. अशा थाळीसमोर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहून कोणी नाक मुरडले की मला राग येतो. महिन्याच्या २८ तारखेला खिशात सुटे नाणे शोधणाऱ्या माणसाला रांगेत उभे राहून, न मागता, स्वतःच्या पैशांनी जेवता येणे ही फार मोठी गोष्ट आहे.

गेल्या वर्षी माझी भाची नोकरीला मुंबईत आली. तिचे ऑफिस लोअर परळला आहे, जिथे गिरण्या होत्या तिथे उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींपैकी एकीत. तीन मैत्रिणींबरोबर ती ठाण्याला फ्लॅटमध्ये राहते. घरात गॅस आहे, पण सकाळी साडेसातला निघून रात्री नवाला परतणाऱ्या मुलीला त्याचा उपयोग किती? डबेवाले १८९० पासून घरची चूल ऑफिसपर्यंत पोहोचवत आले आहेत, पण ज्या घरात पोळ्या करायला कोणी नाही, तिथून डबा उचलायचा कसा? त्यामुळे ती मोबाइलवरून मागवते. तिने एकदा मला महिन्याचा हिशेब दाखवला आणि म्हणाली, "मावशी, मी नुसती भात आणि पनीर खाते आणि तरी महिनाअखेरीला तुझ्याकडे पैसे मागायची वेळ येते."

आम्ही दोघी एका रविवारी तो हिशेब घेऊन बसलो. पदार्थाची किंमत हॉटेलातल्यापेक्षा चढी, त्यावर पोहोचवण्याचे पैसे, डबाबंद करण्याचे पैसे, आणखी एक शुल्क, आणि दहा जेवणांपैकी सहा थंड झालेली. बाहेर जेवायला गेली तिथल्या बिलांवर सेवा शुल्क लावलेले होते. ते बिलात आपोआप लावता येत नाही अशी सूचना ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढली आहे आणि नम्रपणे सांगितले तर ते काढून मिळते, हे तिला माहीत नव्हते. पण माझे खरे लक्ष दुसरीकडे होते. ती ज्या इमारतीत काम करते, तिथे झाडलोट करणाऱ्या बायका, पहारेकरी, लिफ्टवाले, कुरियरची मुले रोज शेकड्यांनी येतात, आणि ती सगळी दुपारी कुठेतरी जेवतात. मी तिला म्हटले, "त्यांच्यापैकी कोणाला तरी विचार." आजींनी मला सांगितले होते तेच मी तिला सांगत होते.

तिने लिफ्टवाल्या काकांना विचारले. त्यांनी स्थानकाच्या बाजूच्या गल्लीतली एक जागा सांगितली. पत्र्याची शेड, सहा टेबले, फळ्यावर खडूने लिहिलेले चारच पदार्थ. मी एका शनिवारी तिच्याबरोबर गेले. राइसप्लेट घेतली. पोळ्या तव्यावरून येत होत्या, मुगाची उसळ नेमकी शिजलेली, कोशिंबीर काकडीची, आणि भातावर आमटी दोनदा वाढली गेली. आमच्या टेबलाशी एक पहारेकरी आणि एक कुरियरचा मुलगा बसले होते. आम्हाला जागा करून देताना त्या मुलाने आपली पाठीवरची मोठी पिशवी मांडीवर घेतली आणि तसाच जेवला. भाची आधी थोडी अवघडली होती. मग तिने उसळ परत मागितली, वाढप्याने ती आणून दिली, आणि ती माझ्याकडे न पाहता जेवत राहिली.

आता ती आठवड्यातून चार दिवस तिथे जाते, तिच्या ऑफिसातल्या दोघीजणीही तिच्याबरोबर जायला लागल्या आहेत. बुधवारी उसळ चवळीची असते असे तिने मला फोनवर सांगितले. आजींच्या घराच्या जागी आज बारा मजली इमारत उभी आहे, आणि गिरगावची ती खाणावळ बंद होऊनही पुष्कळ वर्षे झाली. नारळी पौर्णिमा झाली की आम्ही दोघी बांगड्याला जायचे ठरवले आहे. पैसे ती देणार आहे. तोवर तिचा पगार झालेला असेल.